मौनानंतरची साक्ष



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी आपल्या शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकविला. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषय इतिहासाचा असावा, आणि मी मराठीचा अध्यापक असल्यामुळे तो मराठी ग्रंथांच्या आधारे मांडता यावा, असा विचार करून मी आजचा विषय निवडला आहे.

मोठ्या संहारातून जो वाचतो, तो पुष्कळदा बोलत नाही. घरी परततो, संसार करतो, मुलांची लग्ने लावून देतो. परंतु जे पाहिले त्याविषयी वर्षानुवर्षे एक अक्षर काढीत नाही. आपल्याकडे याला ‘मनात ठेवणे’ म्हणतात आणि त्याची गणना गुणांत होते. मग केव्हातरी, कधी वीस तर कधी पंचवीस वर्षांनी, तोच माणूस बोलू लागतो किंवा लिहू लागतो. मधल्या काळात काय घडते? हे मौन कशामुळे टिकते आणि कशामुळे सुटते? या प्रश्नांचा शोध मी पानिपत, सत्तावनचा उठाव आणि एकोणिसाव्या शतकातील दुष्काळ या तीन प्रसंगांच्या आधारे घेणार आहे. ग्वाल्हेरकरांना यांपैकी एकही प्रसंग परका नाही.

मोती, मोहरा आणि खुर्दा

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्या पराभवाची पहिली मोठी वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती लागली, ती सावकारी पत्राच्या भाषेत होती. त्या पत्रात माणसांची नावे नव्हती. मोती गळाल्याचा, मोहरा हरवल्याचा आणि रुप्या-तांब्याच्या खुर्द्याची गणती नसल्याचा हिशेब होता. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव, हे वाचणाऱ्याला उमगले. सावकारी पत्रे सांकेतिक असत, हे त्याचे व्यावहारिक कारण. तरीही या दुःखाला मराठीत लाभलेली पहिली भाषा जमाखर्चाची होती, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. एवढे मरण सरळ शब्दांत सांगता येत नव्हते. नानासाहेब त्याच वर्षी जून महिन्यात पर्वतीवर निवर्तले.

समाजाने पुढे पानिपत वाक्प्रचारांत साठविले. एखादा बेत पुरता फसला की आपण ‘पानिपत झाले’ म्हणतो. ‘भाऊगर्दी’ हा शब्दही आपण त्याच रणधुमाळीशी जोडतो. ज्या घरांतून माणसे गेली, त्या घरांनी मोकळेपणाने जे सांगितले नाही, ते बोलीने असे आडवाटेने जपले. बखरकारांनी लिहिले खरे. पण बखर ही वीरांची कथा असते, वाचलेल्या माणसाची नव्हे.

वाचलेल्या माणसाची कथा नाना फडणविसांनी लिहिली. ते पुढे मराठी राज्याचे मुख्य सूत्रधार झाले, म्हणून त्यांचे चित्र आपल्या मनात सावध आणि धूर्त मुत्सद्द्याचे आहे. पानिपताच्या वेळी मात्र ते जेमतेम एकोणीस वर्षांचे होते आणि आईला तीर्थयात्रा घडावी म्हणून तिला बरोबर घेऊन गेले होते. त्यांच्या छोट्या आत्मचरित्रात रणांगणावरून झालेल्या पलायनाचे वर्णन आहे. वाटेत अंगावरचे कपडे टाकावे लागले. भूक, लुटारू आणि अनोळखी मुलूख यांतून रात्रंदिवस पायपीट करावी लागली. आई कायमची अंतरली. या लेखनात पराक्रमाचा आव नाही. आपण जिवाच्या भयाने पळालो, ही गोष्ट त्यांनी झाकलेली नाही. ज्या माणसाने पुढे आयुष्यभर आपले मन कोणाला कळू दिले नाही, त्याने एवढे मात्र लिहून ठेवले आणि मग लेखणी आवरली. पुढच्या कर्तृत्वाची हकिकत त्यात नाही.

महादजी शिंद्यांची गोष्ट या नगरात निराळी सांगायला नको. पळताना एका अफगाण स्वाराने त्यांना गाठले, पायावर वार केला आणि ते जन्मभराचे लंगडे झाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचविले आणि महादजींनी त्याला पुढे भावाचा मान दिला. एवढे आपण सर्वजण जाणतो. ग्रँट डफने मात्र आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. तो पाठलाग करणारा स्वार आणि त्याचे ते बेढब जनावर पुढेही आपल्याला झोपेत दिसत असे, हे महादजींनी इंग्रज वकील पामर याला सांगितले होते. दिल्लीच्या बादशहाला ज्यांनी आपल्या छत्राखाली घेतले, त्यांच्या स्वप्नात पानिपत संपलेले नव्हते. आणि ते त्यांनी सांगितले कोणाला, तर एका परक्याला. आपल्या दरबारात, आपल्या सरदारांत असे बोलणे शोभणारे नव्हते. परक्यापुढे मन मोकळे करणे सोपे जाते, हा अनुभव आपणही रेल्वेच्या डब्यात घेतलेला असतो.

पानिपताची एक साक्ष मौनातच राहिली. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून सुखरूप परतल्या, परंतु पतीचे मरण त्यांनी मान्य केले नाही आणि वैधव्य पत्करले नाही. त्यांचा निश्चय त्यांच्यापुरता होता व तो समजण्यासारखाही होता. परंतु राज्यात भाऊंच्या मरणाविषयी अशी संदिग्धता राहिल्याचा परिणाम काय झाला, हे इतिहासाला ठाऊक आहे. भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला.  त्याने कोकणात फौज जमविली आणि अखेर १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. त्या वेळी कारभाराची सूत्रे पानिपतातून अर्धनग्न परतलेल्या त्याच नाना फडणविसांच्या हाती होती. जे मरण स्पष्ट उच्चारले गेले नाही, त्याच्या जागी पंधरा वर्षांनी एक खोटे जीवन येऊन उभे राहिले. मौनाची किंमत कधीकधी राज्यालाही मोजावी लागते, ती अशी.

झाशीहून परतलेला भिक्षुक

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या मार्चमध्ये काका रामभटांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा मोठी मिळणार आहे, अशी वार्ता कोकणात पोहोचली होती. तिशीच्या आसपासचा एक भिक्षुक दक्षिणेच्या आशेने निघाला आणि त्या शतकातील सर्वांत मोठ्या वणव्यात सापडला. यज्ञ राहिला बाजूला. ग्वाल्हेर पाहून हे काका-पुतणे झाशीला पोहोचले आणि १८५८ च्या मार्चअखेर सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहराच्या आतच होते.

‘माझा प्रवास’ हा ग्रंथ मी पदव्युत्तर वर्गांना पुष्कळ वर्षे शिकविला. विद्यार्थ्यांना त्यातली राणी लक्ष्मीबाई आठवते. काल्पीच्या वाटेवर तहानलेली राणी विहिरीशी भेटते. पाणी काढून द्यायला पुढे झालेल्या भटजींना थांबवून ती स्वतः पाणी काढते. हा प्रसंग ज्याने वाचला, तो तो विसरत नाही. तिचा अंत पुढे जूनमध्ये आपल्या या ग्वाल्हेरात झाला. परंतु या ग्रंथाचा गाभा मला त्याच्या आधीच्या पानांत दिसतो. एप्रिलच्या आरंभी इंग्रजी फौज झाशी शहरात शिरली आणि त्या काळी ज्याला ‘बिजन’ म्हणत, ती सरसकट कत्तल सुरू झाली. विष्णुभट दडून बसले आणि वाचले. गवताच्या गंजींत लपलेल्यांना गंजी पेटवून मारले. विहिरींत उतरलेल्यांची डोकी पाण्याबाहेर येताच गोळ्या घातल्या. लूटही जणू ठरलेल्या क्रमाने झाली: आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता. संस्थानचा ग्रंथसंग्रह रस्त्यावर आला. पोथ्यांचे रुमाल तेवढे लुटणाऱ्यांना हवे होते, पाने वाऱ्यावर गेली. नंतर रस्त्यारस्त्यांतून प्रेते जाळली गेली.

हे सर्व विष्णुभट चढ्या आवाजात सांगत नाहीत. स्वयंपाकाला काय मिळाले, पाणी कोठून आणले, कोणत्या गल्लीतून कोणत्या गल्लीत गेलो, या तपशिलांच्या जोडीने ते मरण सांगत जातात. माझे विद्यार्थी विचारीत, ‘सर, एवढ्या भयंकर प्रसंगात यांना भाकरीचे काय सुचते?’ मी त्यांना म्हणे, संकटातून वाचलेल्या माणसाची खूण हीच. ज्याने ऐकून लिहिले, तो संहाराचे वर्णन करतो. ज्याने भोगले, त्याला त्या दिवशीची तहान आठवते.

सर्वस्व लुटले गेल्यावरही विष्णुभट सरळ घरी गेले नाहीत. तीर्थे केली आणि आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईस परतले. द्रव्य मिळवायला गेलेला मुलगा पाणी घेऊन आला. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी या प्रवासाविषयी काही लिहिले नाही.

या मौनाचे एक कारण उघड आहे: सरकारची भीती. बंडवाल्यांच्या शहरात होतो आणि राणीच्या आश्रयाचे अन्न खाल्ले, हे कोणत्या तोंडाने कोठे सांगावे? परंतु भीती हे एकच कारण पुरेसे वाटत नाही. कोकणातल्या त्या गावी झाशीची कत्तल समजून घेणारे कोण होते? ज्याच्या अनुभवाला गावात दुसरा साक्षीदार नाही, त्याच्या बोलण्याला हळूहळू गोष्टीची कळा येते. आणि आपले जगणे ही इतरांची करमणूक व्हावी, हे कोणत्याही स्वाभिमानी माणसाला रुचत नाही. तेव्हा तो गप्प बसतो.

दोनदा सुटलेले मौन

१८८३ च्या सुमारास परिचयातील एका तरुणाने विष्णुभटांना, हे सारे लिहून द्या, असा आग्रह केला. तो तरुण म्हणजे चिंतामण विनायक वैद्य. तेव्हा ते विशी नुकतीच ओलांडलेले होते. पुढे ते भारताचार्य म्हणून प्रसिद्ध झाले आणि याच ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश झाले. विष्णुभटांनी मोडीत सगळी हकिकत लिहिली. आपल्या मृत्यूपूर्वी ती छापू नये, अशी अट होती. वैद्यांनी ती पाळली. हस्तलिखित वीस वर्षांहून अधिक काळ जपून ठेवले आणि लेखकाच्या निधनानंतर १९०७ साली प्रसिद्ध केले.

या व्यवहाराकडे आपण बारकाईने पाहावे, अशी माझी विनंती आहे. बोलायला सांगणारा तरुण त्या घटनेनंतर जन्मलेला होता. वैद्यांचा जन्म १८६१ सालचा. ज्यांनी स्वतः सत्तावन पाहिले, त्यांना त्याविषयी विचारण्याचे धैर्य किंवा इच्छा राहिली नव्हती. विचारले ते पुढच्या पिढीने. दुसरे असे की, वैद्यांनी नुसती उत्सुकता दाखविली नाही, तर लेखकाची अट स्वीकारली. तुम्ही सांगा, आम्ही सांभाळू आणि तुम्ही म्हणाल तेव्हाच उघड करू, हे वचन मिळाले तेव्हा पंचवीस वर्षांचे कुलूप निघाले.

पण कथा येथे संपत नाही. १९०७ साल हे राजद्रोहाच्या खटल्यांचे दिवस. वैद्यांनी छापताना विष्णुभटांची भाषा सारखी केली आणि काही मजकूर गाळला. काही सरकारच्या भीतीने, काही तत्कालीन अभिरुचीला जपण्यासाठी. सुदैवाने मूळ मोडी हस्तलिखित त्यांनी नष्ट केले नाही. ते भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सुरक्षित राहिले. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ पाठ प्रसिद्ध केला, तेव्हा विष्णुभट स्वतःच्या आवाजात प्रथम बोलले. झाशी पडल्यापासून त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. म्हणजे हे मौन दोनदा सुटले: एकदा लिहिणाऱ्याचे आणि एकदा छापणाऱ्याचे. बोलणाऱ्याने धीर केला तरी ऐकणारा पुष्कळदा त्याच्या बोलण्याला कात्री लावतो, आणि ते गाळलेले भाग म्हणजे दुसरे मौन असते.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक पथ्य पाळले पाहिजे. विष्णुभटांचे सगळेच खरे मानता येत नाही. उठावाच्या कारणांविषयी, कलकत्त्यात राजेरजवाड्यांपुढे मांडलेल्या धर्मबुडव्या कलमांविषयी त्यांनी जे लिहिले, ते वाटेत भेटलेल्या शिपायांकडून ऐकलेले आहे आणि कागदपत्रांच्या कसोटीला उतरत नाही. पण झाशीच्या गल्लीत त्यांनी जे पाहिले, त्याला दुसरा पर्याय नाही. साक्ष आणि वदंता एकाच माणसाच्या तोंडून, एकाच ओघात येतात. त्यांचा निवाडा करणे हे आपले काम आहे. पण एका वदंतेसाठी सबंध साक्ष फेटाळणे हा न्याय नव्हे.

आणि जे बोललेच नाहीत, त्यांचाही हिशेब ठेवला पाहिजे. विष्णुभटांना लिहिता येत होते आणि त्यांना कोणीतरी विचारले. झाशीच्या कोष्ट्यांना, विहिरींच्या काठी आपली माणसे गमावलेल्या स्त्रियांना, राणीच्या सैन्यातल्या सामान्य शिपायांच्या घरच्यांना असे वही-दौत घेऊन विचारायला कोणी गेले नाही. त्यांतील काही बुंदेली लोकगीतांत शिरले, बाकीचे मातीत गेले.

दुष्काळाची साक्ष

आता तिसरी साक्ष. ती एका स्त्रीची आहे आणि योगायोगाने तिचेही एक टोक १९०७ सालाशी जाऊन भिडते.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराणे सांगत हिंडत असे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांच्याजवळचे सर्व संपले. विद्वान ब्राह्मणाला मजुरी माहीत नाही आणि भीक मागायची नाही, अशा स्थितीत उपासमारीने आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण, अशी माणसे थोड्याथोड्या काळाच्या अंतराने गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यायला माणसे मिळेनात. अखेर दोघे ब्राह्मण पुढे आले. तिसरा भाऊ आणि चौथी स्वतः रमाबाई. त्यांची उंची कमी, म्हणून तिरडीचा आपल्या वाट्याचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. स्मशान तीन मैलांवर होते.

पुढे त्या कलकत्त्याला गेल्या, ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, पुण्यात आल्या, इंग्लंड-अमेरिकेचा प्रवास केला, शारदा सदन स्थापन केले. त्यांनी ग्रंथ लिहिले, व्याख्याने दिली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. परंतु दुष्काळातील त्या दिवसांविषयी त्यांनी सविस्तर लिहिले ते १८९७ साली, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळानंतर. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या. उपाशी, अनाथ मुली पाहिल्या आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. केडगावच्या मुक्ती सदनाची उभारणी त्यातूनच झाली. त्या वेळी त्यांनी आपल्या तरुणपणीची उपासमार प्रथम जगापुढे मांडली. पुढे १९०७ च्या सुमारास, ‘माझी साक्ष’ या नावाने मराठीत परिचित असलेल्या छोट्या पुस्तकात, त्यांनी आपल्या जीवनाचा अर्थ सांगितला. त्यांच्या धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो, त्या आठवणींचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

विष्णुभटांना कोणीतरी विचारावे लागले. रमाबाईंना त्या मुलींच्या चेहऱ्यांनी विचारले. आपण जे भोगले तेच पुन्हा दुसऱ्याच्या वाट्याला आलेले दिसले, आणि आपली आठवण आता केवळ आपली राहिली नाही, ती कोणाच्या तरी उपयोगाची आहे, याची जाणीव झाली. नवी आपत्ती जुन्या आपत्तीला बोलते करते, हा अनुभव आपल्या देशाने त्यानंतरही घेतला आहे. १९४७ च्या फाळणीत कोटीहून अधिक माणसे उखडली गेली. कराचीतील मराठी कुटुंबेही त्यांत होती. पण फाळणीत घराघरांतून काय घडले, विशेषतः स्त्रियांचे काय झाले, यावर दीर्घकाळ पडदा राहिला. उर्वशी बुटालिया यांनी त्या मौनावरचा आपला ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध केला. त्या कामाची सुरुवात दिल्लीतील १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातून झाली. तेथील पीडितांना मदत करीत असताना वृद्ध माणसे फाळणीच्या आठवणी सांगू लागली. आपल्या घरातही ती गोष्ट आहे आणि आपण ती कधी नीट ऐकली नाही, हे त्यांना तेव्हा उमगले.

ऐकणारा

या सर्वांतून मला जे म्हणायचे आहे, ते एवढेच. मौन हे दुःखी माणसाचे एकट्याचे नसते. त्यात त्याच्या समाजाचा वाटा असतो. आपण म्हणतो, ‘आजोबा त्याविषयी कधी बोलले नाहीत.’ आपण विचारले होते का? आणि विचारले असेल, तर उत्तर संपेपर्यंत बसलो होतो का?

याचे सर्वांत कठोर उदाहरण युरोपातले आहे. प्रिमो लेव्ही हा इटालियन रसायनशास्त्रज्ञ आउश्वित्सच्या छळछावणीतून वाचला. तो गप्प बसला नाही. परतताच लिहू लागला. त्याचे पुस्तक एका मोठ्या प्रकाशन संस्थेने नाकारले. १९४७ साली एका लहान प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या आणि पुस्तक विस्मृतीत गेले. त्याच मोठ्या संस्थेने ते १९५८ साली छापले आणि मग ते जगभर गेले. त्याने एका स्वप्नाचे वर्णन केले आहे, जे छावणीतील इतरांनाही पडत असे: आपण घरी परतलो आहोत, झालेले सांगत आहोत, आणि ऐकणारे लक्ष देत नाहीत, सख्खी बहीणच उठून जाते. या माणसाला छावणीतही भय होते ते न ऐकले जाण्याचे.

याचा अर्थ, प्रत्येकाला बोलायला लावावे, असा मात्र कोणी घेऊ नये. पार्वतीबाईंच्या दाराशी जाऊन ‘आता मान्य करा’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला नव्हता. काही माणसांनी मौन निवडलेले असते आणि ते त्यांचे असते. खपली ओढून काढणारा वैद्य नव्हे. चिंतामणराव वैद्यांचा मोठेपणा मला यात दिसतो की, त्यांनी मागितले, वाट पाहिली, अट पाळली आणि मूळ कागद जपला.

हे सारे मी या शाळेत का सांगतो आहे? आपल्याही घरांत ताजे मौन आहे म्हणून. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, या देशातल्या असंख्य घरांतून माणसे गेली. रुग्णालयाच्या दारापलीकडे शेवटचे पाहणे झाले नाही. कित्येकांना अग्नी परक्या हातांनी दिला. पिठले-भात घेऊन शेजारी येऊ शकले नाहीत. दहा दिवसांच्या सुतकात घरी माणसे येतात, तेच तेच विचारतात आणि दुःखी माणूस तेच तेच सांगतो, हा आपल्या पूर्वजांनी बसविलेला परिपाठ किती शहाणपणाचा होता, ते तो मोडला तेव्हा कळले. दहा-बारा वेळा सांगून झाले की मरण थोडे बाहेर येते. त्या वर्षी ते कोणाला सांगताच आले नाही. आता लोक म्हणतात, ‘झाले ते झाले, कशाला उकरून काढता?’ हे वाक्य पानिपतानंतरही बोलले गेले असेल, सत्तावनानंतरही आणि सत्तेचाळीसनंतरही.

म्हणून माजी विद्यार्थी संघाला माझी एक सूचना आहे. शाळेने एक दप्तर राखावे. ज्याला लिहावेसे वाटेल त्याने लिहावे: दुसऱ्या लाटेविषयी, किंवा घरात ऐकलेल्या जुन्या संकटांविषयी. ज्याला लिहिता येत नसेल, त्याच्याजवळ एखाद्या विद्यार्थ्याने बसावे आणि तो सांगेल तसे, त्याच्याच शब्दांत, बुंदेलीमिश्रित मराठी असेल तर तशीच, उतरून घ्यावे. भाषा सुधारू नये. स्वच्छ प्रत करायची असेल तर करावी, पण मूळ कागद फेकू नये. पोतदारांना जे सापडले, ते वैद्यांनी फेकले नव्हते म्हणून सापडले. आणि लिहिणाऱ्याने ‘माझ्यामागे उघडा’ असे सांगितले, तर पाकिटावर तसे लिहून ते बंद ठेवावे.

यातले सगळे उपयोगी पडेल असे नाही. काहीत वदंता असेल, काहीत फक्त भाकरीचा आणि पाण्याचा हिशेब असेल. पण पन्नास वर्षांनी याच सभागृहात कोणी इतिहासाचा अभ्यासक उभा राहील आणि त्याला २०२१ चे ग्वाल्हेर जाणून घ्यायचे असेल, तर सरकारी आकड्यांबरोबर त्याला एखादा विष्णुभटही मिळाला पाहिजे. विष्णुभट घरोघरी असतात. वैद्य मात्र कमी असतात, आणि ते तयार करणे हे शाळेचे काम आहे.